चित्र संपते तिथून पुढे
व्हिडिओंतून क्वांटम प्रोग्रामिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

क्वांटम संगणकासाठी प्रोग्राम लिहायला आज प्रयोगशाळेची किल्ली लागत नाही. मे २०१६ मध्ये आयबीएमने आपला पाच क्यूबिटांचा, म्हणजे पाच क्वांटम बिटांचा, संगणक इंटरनेटवरून सर्वांसाठी खुला केला. पुढच्या वर्षी किस्किट हे पायथनमधले साधन मोफत मिळू लागले, आणि २०१८ मध्ये गुगलचे सर्क व टोरांटोच्या झॅनाडू कंपनीचे पेनीलेन आले. यंत्र असे दोन-तीन वर्षांत घरोघरी पोचले. ते शिकवणारे शिक्षक मात्र तेवढ्या वेगाने तयार होणे शक्यच नव्हते. तोवर हा विषय मोजक्या विद्यापीठांत, बहुधा पदव्युत्तर वर्गांत, भौतिकशास्त्राचे दोन-तीन अभ्यासक्रम पार केल्यावरच भेटायचा. ती उणीव व्हिडिओंनी भरून काढली. साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलीने आज क्वांटम प्रोग्रामिंग शिकायचे ठरवले, तर तिचा पहिला गुरू पडद्यावर भेटण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि तो गुरू जगातल्या उत्तमांपैकी असण्याची शक्यताही मोठी.

ही प्रस्तावना तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी आहे: बीएस्सीला गणित घेतलेल्यांसाठी, सॉफ्टवेअर कंपनीत काही वर्षे काढून नवे काही शोधणाऱ्यांसाठी, आणि विद्यार्थ्यांच्या आधी आपण दोन पावले पुढे असावे असे वाटणाऱ्या प्राध्यापकांसाठी. या क्षेत्रात तुमचे मनापासून स्वागत आहे. पण हा विषय व्हिडिओतून शिकताना एक गोष्ट सुरुवातीपासून लक्षात ठेवावी लागते. व्हिडिओचे सगळे बळ चित्रात असते, आणि क्वांटम गणनेचा गाभा नेमका चित्र काढता येत नाही अशा ठिकाणी आहे. हे ध्यानात ठेवून पाहिले तर व्हिडिओ पुष्कळ देतात. नाहीतर तासन्‌तास पाहूनही, आपल्याला समजले आहे एवढी भावनाच पदरी पडते.

आधी थोडा इतिहास. ‘नील्सन आणि च्वांग’ या नावाने ओळखले जाणारे पाठ्यपुस्तक २००० साली निघाले आणि आजही ते या क्षेत्राचा मुख्य आधारग्रंथ आहे. त्याच मायकेल नील्सन यांनी २०११ च्या सुमारास २२ छोट्या व्हिडिओंची मालिका केली. एकेक व्हिडिओ पाच ते पंधरा मिनिटांचा, सजावट जवळजवळ नाहीच. मालिका अपुरी राहिली, तरी टेलिपोर्टेशनपर्यंतचा रस्ता तिच्यात स्वच्छ आखलेला आहे. बर्कली विद्यापीठाच्या उमेश वझिरानी यांनी २०१२ मध्ये कोर्सेरावर आपला वर्गच खुला केला. बर्नस्टाइन-वझिरानी अल्गोरिदममधले वझिरानी ते हेच. शोध लावणाऱ्याच्या तोंडून शोध ऐकण्याची ती संधी होती. पुढे आयबीएमने २०२० पासून दर उन्हाळ्यात जागतिक शाळा भरवायला सुरुवात केली आणि २०२१ ची शाळा पूर्णपणे क्वांटम मशीन लर्निंगवर घेतली. तिची व्याख्याने आजही पाहता येतात. आपल्याकडे एनपीटीईएलवर आयआयटी मुंबईच्या दीपन घोष यांचा क्वांटम माहिती आणि गणनेचा अभ्यासक्रम आहे. आयआयटी मद्रास आणि आयबीएम यांनी मिळून केलेला, किस्किटसह अल्गोरिदम शिकवणारा अभ्यासक्रमही तिथेच आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती जॉन वॉट्रस यांची मालिका. वॉट्रस अनेक वर्षे कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकवत होते. आयबीएममध्ये आल्यावर त्यांनी १६ पाठ तयार केले. पहिल्या पाठात ते क्वांटमकडे वळायच्या आधी साधी संभाव्यता शिकवतात: एखादा बिट ० असण्याची शक्यता तीन चतुर्थांश आणि १ असण्याची एक चतुर्थांश असेल, तर त्या दोन संख्या एकाखाली एक लिहायच्या, त्यावर मॅट्रिक्सने क्रिया करायची. हे सगळे नीट बसल्यावरच ते सांगतात की क्वांटम अवस्थाही अशीच उभी रांग आहे, फक्त तिच्यातल्या संख्या ऋण किंवा संमिश्र असू शकतात आणि त्यांच्या मोठेपणांच्या वर्गांची बेरीज १ होते. बहुतेक व्हिडिओंत पहिल्या पाच मिनिटांत दिसणारा ब्लॉख गोल, म्हणजे बाण असलेला तो सुंदर फिरता चेंडू, वॉट्रस यांच्याकडे पहिल्या भागात येतच नाही. तो पुष्कळ पुढे, घनता मॅट्रिक्सच्या पाठात येतो. एवढ्या अनुभवी शिक्षकाने सर्वांत लोकप्रिय चित्र इतके लांब ठेवले, ते विचारपूर्वकच.

त्यामागचे कारण सोप्या हिशोबात दिसते. एका क्यूबिटची शुद्ध अवस्था सांगायला दोन संख्या पुरतात, आणि गोलावरच्या बाणालाही दोनच कोन लागतात. इथवर चित्र बिनचूक आहे. दोन क्यूबिट घेतले की दोन बाणांना मिळून चार संख्या होतात, पण त्यांची एकत्रित अवस्था सांगायला सहा लागतात. दोन संख्या चित्रात मावल्याच नाहीत. दहा क्यूबिटांना बाणांच्या हिशोबाने २० संख्या, प्रत्यक्षात २०४६. दोन क्यूबिट एकमेकांत पूर्ण गुंतलेले असले, म्हणजे बेल अवस्थेत असले, तर प्रत्येकाच्या बाणाची लांबी शून्य होते. दोन्ही चेंडू रिकामे दिसतात आणि सगळी माहिती त्या दोघांमधल्या नात्यात असते. ते नाते काढून दाखवायला पडद्यावर जागा नाही, कागदावर आहे. चार संख्यांची एक रांग लिहायची: पहिली आणि शेवटची १/√२, मधल्या दोन शून्य. जिला एन्टँगलमेंट म्हणतात ती गोष्ट या रांगेत पूर्ण सामावलेली आहे. अशी रांग दोन सुट्या रांगांच्या गुणाकारातून तयार होऊ शकत नाही हे पाच मिनिटांत सिद्ध करता येते, आणि ते स्वतः केल्याशिवाय पुढचा व्हिडिओ लावू नये.

आता थोडे हाताने करू. एक क्यूबिट ० या अवस्थेत घ्या, त्यावर हॅडामार्ड गेट लावा आणि मोजा. हजार वेळा केले तर सुमारे निम्म्या वेळा ० येईल, निम्म्या वेळा १. इथे शिकवणारे हमखास नाणेफेकीचा दाखला देतात आणि इथवर तो चालतो. पण मोजण्याआधी तेच गेट आणखी एकदा लावा. उडवलेले नाणे पुन्हा उडवले तर निकाल पुन्हा निम्मा-निम्माच. क्यूबिट मात्र आता दर वेळी ० देतो. हॅडामार्ड गेट ० पासून निघाले तर ० आणि १ या दोघांना १/√२ देते. १ पासून निघाले तर ० ला १/√२ आणि १ ला उणे १/√२ देते. दोनदा लावल्यावर शेवटच्या ० कडे येणाऱ्या दोन वाटा आहेत. त्यांचे गुणाकार १/२ आणि १/२, बेरीज १. शेवटच्या १ कडे येणाऱ्या वाटांचे गुणाकार १/२ आणि उणे १/२, बेरीज शून्य. दोन वाटांनी एकमेकींना खोडून काढले. मध्येच मोजमाप घातले तर हे खोडणे बंद पडते आणि निकाल पुन्हा निम्मा-निम्मा होतो. हे सर्किट किस्किटमध्ये चार-पाच ओळींत लिहिता येते. मोजमाप असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकार चालवून पाहा.

त्या एका उणे चिन्हावर सगळ्या क्वांटम अल्गोरिदमांची इमारत उभी आहे. क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो, असे वाक्य असंख्य व्हिडिओंत ऐकू येते. स्कॉट अ‍ॅरनसन हे सैद्धांतिक संगणकशास्त्रज्ञ हा गैरसमज वर्षानुवर्षे खोडत आले आहेत. सगळी उत्तरे एकत्र ठेवून मोजले तर हाती एकच उत्तर येते, तेही यादृच्छिक. कसब आहे ते चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींना खोडतील अशी रचना करण्यात. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेल्या लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना शोधाचा अल्गोरिदम दिला, तो याचा सर्वांत सुबक नमुना. चार पर्याय, त्यांतला एक हवा. सुरुवातीला चौघांचे अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे रांगेतली संख्या, १/२. हव्या असलेल्याचे चिन्ह उलटवा: तो उणे १/२ झाला. आता चौघांची सरासरी १/४. प्रत्येक संख्या सरासरीच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर न्या. तीन नको असलेले शून्यावर येतात आणि हवा असलेला १ वर पोचतो. एका फेरीत खात्रीचे उत्तर. हे करायला आठवीतल्या मुलालाही अडचण येऊ नये, आणि तरीही यात खरा अल्गोरिदम आहे, कसलेही सोपे केलेले रूप नव्हे.

गणिताचे व्हिडिओ करणारे ग्रँट सँडरसन यांनी २०२५ मध्ये ग्रोव्हरचा हाच अल्गोरिदम समजावला. त्यांच्या इतकी देखणी भूमिती दुसरे कुणी पडद्यावर काढत नाही. तरीही प्रेक्षकांच्या शंका इतक्या आल्या की आपले स्पष्टीकरण कुठे तोकडे पडले हे सांगणारा आणखी एक व्हिडिओ त्यांनी केला. मला त्या दुसऱ्या व्हिडिओचे अप्रूप वाटते. उत्तम चित्रही कुठे संपते हे शिक्षकाने उघडपणे दाखवावे, यापेक्षा चांगला धडा नवशिक्याला मिळत नाही. दोन्ही एकापाठोपाठ पाहावेत.

पूर्वतयारी किती लागते, हा पहिला प्रश्न असतो. भौतिकशास्त्र मागे पडले असेल तर त्याचे दडपण घेऊ नका. श्रोडिंगरचे समीकरण न सोडवताही क्वांटम प्रोग्रामिंग नीट शिकता येते. रेषीय बीजगणिताला मात्र पर्याय नाही. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचा गुणाकार, सदिशांचा आंतरगुणाकार, संमिश्र संख्यांचा वर्ग आणि मोठेपणा, आणि टेन्सर गुणाकार. यांतले पहिले तीन बारावीपर्यंत झालेले असतात, फक्त गंजलेले असतात. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांचे रेषीय बीजगणिताचे वर्ग गेली वीसहून अधिक वर्षे मोफत उपलब्ध आहेत. खडू, फळा आणि एक माणूस, एवढ्यावर जगभरचे लाखो विद्यार्थी शिकले. सँडरसन यांची २०१६ ची मालिका आधी पाहून मग स्ट्रँगकडे गेलात तर दोघांचाही लाभ होतो.

यंत्राबद्दलही काही व्यावहारिक गोष्टी. शिकताना तुम्ही बहुतेक वेळ खऱ्या क्वांटम यंत्रावर नसताच, साध्या संगणकावरच्या सिम्युलेटरवर असता. ३० क्यूबिटांची अवस्था साठवायला शंभर कोटींहून जास्त संमिश्र संख्या लागतात, म्हणजे सुमारे १६ जीबी मेमरी. घरच्या लॅपटॉपची सीमा इथेच येते. ५० क्यूबिटांना सुमारे १.८ कोटी जीबी लागतील. या वाढीमुळेच क्वांटम यंत्र बांधण्यात अर्थ आहे. खऱ्या यंत्रावर बेल अवस्था तयार करणारे सर्किट चालवाल तेव्हा, सिम्युलेटरवर कधीच न दिसणारे ०१ आणि १० हे निकालही थोडेफार येतील. तो तुमच्या कोडचा दोष नव्हे, ती यंत्राची आजची स्थिती आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन प्रेस्किल यांनी २०१८ मध्ये या कालखंडाला जे नाव दिले त्याचा आशयच हा: मध्यम आकाराची, गोंगाट असलेली यंत्रे.

नवशिक्यांना हमखास अडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे किस्किटमधला क्रम. किस्किट निकाल छापताना शून्यावा क्यूबिट सर्वांत उजवीकडे ठेवतो, तर बहुतेक पुस्तके पहिला क्यूबिट सर्वांत डावीकडे लिहितात. पुस्तकातले ०१ पडद्यावर १० दिसते. व्हिडिओ ज्या वर्षी केला ते वर्षही पाहा. किस्किटची पहिली स्थिर आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि जुन्या व्हिडिओंत सर्रास दिसणारी ‘एक्झिक्यूट’ ही आज्ञा तिच्यातून काढून टाकली गेली. २०१९ किंवा २०२० मधल्या व्हिडिओतला कोड जसाच्या तसा उतरवला तर तो चालणार नाही. असे झाले की व्हिडिओ सोडून देऊ नका. कोड नव्या आवृत्तीत स्वतः बसवा. त्या झटापटीत जे समजते ते चालत्या कोडकडे नुसते बघून समजत नाही.

आता क्वांटम मशीन लर्निंग. या क्षेत्राकडे सर्वांत जास्त तरुण ओढले जातात, आणि चित्रांनी फसवणूक होण्याचा धोकाही इथेच सर्वांत मोठा आहे. म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

टोरांटो विद्यापीठाच्या पीटर विटेक यांनी या विषयावर २०१४ मध्ये पुस्तक लिहिले आणि २०१९ मध्ये एडेक्सवर अभ्यासक्रम आणला. छोटे व्हिडिओ आणि प्रत्येकासोबत चालवून पाहायची पायथनची वही, अशी त्याची रचना होती. हे क्षेत्र व्हिडिओंतून कसे शिकवावे याचा तो वस्तुपाठ आहे. व्हिडिओ कल्पना सांगतो आणि तिथेच थांबतो, उरलेले काम वहीत तुम्ही करायचे. विटेक गिर्यारोहक होते. सप्टेंबर २०१९ मध्ये उत्तराखंडातल्या त्रिशूल शिखरावर हिमस्खलनात ते बेपत्ता झाले आणि परतले नाहीत. आपल्या हिमालयात हरवलेल्या या शिक्षकाचा आवाज व्हिडिओंत शिल्लक आहे आणि त्यांच्या पश्चातही नवे विद्यार्थी त्यांच्याकडून शिकत आहेत. व्हिडिओ या माध्यमाबद्दल मला जो आदर आहे, त्याचे हे एक मोठे कारण.

क्वांटम मशीन लर्निंगची मूळ कल्पना सोपी आहे. सर्किटमधल्या गेटांना फिरवायचे कोन असतात. ते कोन हे शिकण्याजोगे आकडे मानायचे, माहिती सर्किटात भरायची, मोजून सरासरी काढायची, चूक किती ते पाहायचे आणि साध्या संगणकाने कोन थोडे बदलायचे. कोन किती बदलायचे हे कळण्यासाठी उतार लागतो, आणि तो काढण्याची रीत फार सुरेख आहे. एका क्यूबिटला थीटा कोनातून फिरवले तर मोजमापाची सरासरी कोसाइन थीटा येते. आता सर्किट दोनदा चालवा, एकदा कोनात ९० अंश मिळवून, एकदा ९० अंश वजा करून. दोन्ही निकालांच्या फरकाचा निम्मा उणे साइन थीटा येतो, आणि तो बरोबर उतार आहे. जवळपासचा अंदाज नव्हे, अचूक. बारावीच्या त्रिकोणमितीत बसणारी ही गोष्ट पेनीलेनच्या मुळाशी आहे. पण किंमतही मोजा. शंभर कोन असतील तर एका पावलासाठी दोनशे सर्किटे, आणि प्रत्येक सर्किट हजार वेळा चालवले तर दोन लाख मोजमापे. नेहमीच्या न्यूरल नेटवर्कमध्ये सगळे उतार मिळून एका फेरीच्या काही पट खर्चात निघतात. ही तुलना व्हिडिओत क्वचितच असते.

व्हिडिओत असतो तो चुकीच्या प्रमाणाचा, खाली खाली जाणारा आलेख. चार क्यूबिट, सिम्युलेटर, शंभर पावले, आणि रेघ सुंदर उतरते. माहिती बहुधा आयरिस फुलांची: १५० फुले, चार मापे, रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये वापरलेली. त्यावर ९५ टक्के अचूकता मिळाली म्हणून हरखून जाण्यासारखे काही नाही, साधे लॉजिस्टिक रिग्रेशन तेवढी अचूकता क्षणात देते. खरा प्रश्न आहे क्यूबिट वाढवल्यावर त्या रेघेचे काय होते हा. २०१८ मध्ये जॅरड मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की यादृच्छिक रचनेच्या मोठ्या सर्किटांत उतार क्यूबिटांच्या संख्येगणिक घातांकी वेगाने शून्याकडे जातो. सगळीकडे सपाट माळ, आणि कुठल्या दिशेला जावे याचा पत्ता नाही. चार क्यूबिटांच्या आलेखात ही अडचण दिसूच शकत नाही. म्हणून प्रत्येक उदाहरण चार, सहा, आठ, दहा क्यूबिटांवर चालवा आणि सुरुवातीचा उतार किती लहान होत जातो हे स्वतः नोंदवा. एका संध्याकाळचे काम आहे आणि त्यातून या क्षेत्रातला एक मोठा खुला प्रश्न तुमच्या हातात येतो.

माहिती भरण्याचेही तेच. १०२४ संख्या दहा क्यूबिटांच्या अ‍ॅम्प्लिट्यूडमध्ये मावतात हे पडद्यावर जादूसारखे दिसते. पण तशी अवस्था तयार करायला साधारणपणे संख्यांइतकीच गेटे लागतात, आणि बाहेर काढताना दर मोजमापाला हाती दहाच बिट येतात. हॅरो, हासिदिम आणि लॉइड यांच्या २००९ च्या समीकरणे सोडवण्याच्या अल्गोरिदमभोवती ज्या अटी आहेत त्या याच प्रकारच्या. अ‍ॅरनसन यांनी २०१५ मध्ये त्या एकेक करून मांडल्या. तो लेख छोटा आहे आणि या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

सुदैवाने या क्षेत्रातली उत्तम माणसे स्वतःच सर्वांत कठोर परीक्षक आहेत. मारिया शुल्ड यांनी फ्रान्सेस्को पेत्रुच्चोने यांच्यासह या विषयाचे प्रमुख पाठ्यपुस्तक लिहिले, पेनीलेनच्या कामातही त्यांचा मोठा वाटा. त्याच शुल्ड यांनी २०२२ मध्ये नेथन किलोरन यांच्याबरोबर, क्वांटम यंत्र साध्या यंत्राला हरवते का हाच प्रश्न योग्य आहे का, असे विचारले. २०२४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अनेक लोकप्रिय क्वांटम मॉडेले एकसारख्या कसोट्यांवर तपासली आणि साधी मॉडेले एकंदरीत सरस ठरल्याचे प्रामाणिकपणे छापले. ज्या व्हिडिओत असा स्वर नसेल, जिथे औषधशोध, शेअर बाजार आणि हवामान हे तिन्ही प्रश्न येत्या काही वर्षांत सुटणार असे सांगितले जाते, तो व्हिडिओ बंद केला तरी काही बिघडत नाही.

यामुळे नाउमेद होण्याचे कारण नाही. इवन टँग यांची गोष्ट पाहा. केरेनिडिस आणि अनुपम प्रकाश यांनी २०१६ मध्ये शिफारसी सुचवणारा क्वांटम अल्गोरिदम दिला होता. घातांकी वेग देणारा क्वांटम मशीन लर्निंगमधला तो सर्वांत भक्कम नमुना मानला जाई. टेक्सास विद्यापीठात पदवीच्या वर्गात असलेल्या टँग यांना अ‍ॅरनसन यांनी काम दिले: साध्या संगणकाला हे जमणार नाही असे सिद्ध कर. ते सिद्ध होईना, कारण ते खरे नव्हते. २०१८ मध्ये १८ वर्षांच्या टँग यांनी जवळजवळ तेवढाच वेगवान साधा अल्गोरिदम शोधून दाखवला, आणि त्यातून संशोधनाची एक नवी शाखाच सुरू झाली. जिथे पदवीचा विद्यार्थी असा निकाल लावू शकतो ते क्षेत्र अजून तरुण आहे आणि त्यात शिरायला उशीर झालेला नाही.

आपल्या आसपासही आता पुष्कळ काही घडते आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यातले संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या डीआरडीओ तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, टीसीएसच्या सहभागाने, सहा क्यूबिटांच्या अतिवाहक प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पार पाडली. त्यातली क्यूबिटांची रचना कुलाब्याच्या त्या संस्थेतच जन्मली. अशाच अतिवाहक विद्युतमंडलांतल्या मूलभूत प्रयोगांसाठी क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना २०२५ चे नोबेल मिळाले. पुण्याच्या आयसरमध्ये चुंबकीय अनुस्पंदनावरचे क्वांटम प्रयोग बरीच वर्षे चालू आहेत. पडद्यावर शिकलेला मराठी विद्यार्थी प्रत्यक्ष यंत्रापाशी जाऊन उभा राहू शकेल अशी ठिकाणे आता एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आहेत.

लक्षात राहण्याबद्दल एक सूचना. नील्सन यांनी व्हिडिओ मालिकेनंतर, २०१९ मध्ये, अँडी मॅटुशॅक यांच्यासोबत क्वांटम गणनेवर एक निबंध तयार केला. त्यात मजकुराच्या मध्येमध्येच प्रश्न आहेत आणि ते प्रश्न काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी वाचकाला पुन्हा विचारले जातात. व्हिडिओ पाहणाऱ्यांनी हीच रीत स्वतःसाठी करावी. प्रत्येक पाठानंतर पाच प्रश्न वहीत मराठीत लिहायचे आणि आठवड्याने व्हिडिओ न उघडता सोडवायचे. पाठ इंग्रजीत ऐकला आणि प्रश्न आपल्या भाषेत घातला की कुठे खरोखर समजले आणि कुठे फक्त शब्द ओळखीचे झाले हे लगेच कळते.

शेवटची विनंती महाविद्यालयांतल्या शिक्षकांना आहे. हा विषय भौतिकशास्त्र, गणित आणि संगणक अशा तीन विभागांत विभागला गेलेला आहे आणि तिन्ही माहीत असलेला एक माणूस बहुतेक ठिकाणी मिळणार नाही. त्याची वाट पाहू नका. तिन्ही विभागांतला एकेक शिक्षक आणि दहा-बारा विद्यार्थी आठवड्यातून एकदा एका वर्गात बसवा, वॉट्रस यांचा एक पाठ लावा, आणि जिथे पडद्यावर समीकरण येईल तिथे तो थांबवून फळ्यावर विद्यार्थ्याला उभे करा. सोळा पाठ एका शैक्षणिक वर्षात आरामात होतात. फळा, प्रोजेक्टर आणि इंटरनेट यांशिवाय काही लागत नाही. येत्या जूनमध्ये सुरुवात करा.